वेबसाइटच्या कामाला किती तास लागतील: फ्रीलान्स प्रोग्रामरने अंदाज कसा बांधावा

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या धरमपेठेतील एका शिकवणी वर्गाच्या वेबसाइटसाठी मी ४० तासांचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात ९२ तास लागले. सुदैवाने त्याच सुमारास मी तासांची नोंद ठेवू लागलो होतो, त्यामुळे हे तास गेले कुठे ते नंतर पाहता आले. कोड लिहिण्यात ४७ तास गेले होते; म्हणजे ज्या कामाचा अंदाज मी केला होता, तो फारसा चुकलेला नव्हता. उरलेल्या ४५ तासांपैकी १७ तास भेटी, फोन आणि व्हॉट्सॲपवरील निरोपांमध्ये, १४ तास जुन्या माहितीपत्रकांतील मराठी मजकूर वेबसाइटवर वापरता येईल अशा रूपात आणण्यात आणि १४ तास होस्टिंग, तपासणी व काम सोपवल्यानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये गेले होते. यांपैकी एकाही तासाचा मी आधी विचार केला नव्हता, आणि रक्कम ठरलेली असल्याने ते सगळे माझ्याच खात्यावर पडले.

तेव्हापासून मी ज्या रीतीने अंदाज बांधतो, ती येथे एका उदाहरणाच्या आधारे मांडतो. वर्धा रोडवर दोन सभागृहे असलेले एक मंगल कार्यालय आहे असे समजू. मालकांचा फोन येतो. मोकळ्या तारखा लोकांना घरबसल्या दिसाव्यात आणि बुकिंग ऑनलाइन व्हावे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. आणि खर्चाचा आकडा त्यांना त्याच फोनवर हवा असतो.

आकड्याआधी प्रश्न

फोनवर आकडा सांगू नये. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते की काम केवळ कल्पनेच्या पातळीवर असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट इतका चुकू शकतो, आणि गरजा स्पष्ट होत जातात तसतशी ही तफावत आकसत जाते. ती आपोआप आकसत नाही. प्रश्न विचारावे लागतात. एकदा तोंडातून निघालेला आकडा मात्र क्लायंटच्या मनात कायमचा राहतो आणि नंतरचा प्रत्येक आकडा त्याच्याशीच ताडून पाहिला जातो.

मंगल कार्यालयाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की एक बुकिंग म्हणजे नेमका किती वेळ. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असेल तर सभागृह त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत गुंतलेले असते, मुंजीला अर्धा दिवस पुरतो, आणि वाढदिवसाला रात्रीचे चार तास. म्हणजे कॅलेंडरवरची ‘तारीख’ हे बुकिंगचे एकक होऊच शकत नाही. दोन्ही सभागृहे एकाच वेळी वेगवेगळ्या कुटुंबांना देता येतात का, की स्वयंपाकघर एकच असल्याने देता येत नाहीत? “मुहूर्त पक्का करून येतो, दोन दिवस तारीख धरून ठेवा” असे म्हणणाऱ्या कुटुंबासाठी तारीख किती काळ अडवून ठेवायची आणि ती आपोआप मोकळी व्हावी की व्यवस्थापकाने मोकळी करावी? बुकिंग रद्द झाल्यास किती रक्कम परत द्यायची? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, व्यवस्थापकाच्या टेबलावरची बुकिंगची वही चालूच राहणार आहे का? ती राहणार असेल तर फोनवर घेतलेले बुकिंग वेबसाइटवर कोण आणि कधी चढवणार? वही एक सांगते आणि वेबसाइट दुसरे, अशी वेळ आली तर एकाच दिवशी दोन वराती दारात उभ्या राहतील.

या प्रश्नांची उत्तरे सोपी निघाली तर कॅलेंडरचे काम १० तासांचे आहे आणि अवघड निघाली तर ४० तासांचे. उत्तरे एका तासाच्या भेटीत मिळतील असे वाटत नसेल, तर पूर्वअभ्यासाचे ६ ते ८ तास वेगळे आकारून आधी तेवढेच काम घ्यावे आणि त्यातून आवश्यकतांचा लेखी मसुदा तयार करून द्यावा. त्या मसुद्याच्या आधारे क्लायंटला दुसऱ्या कोणाकडून काम करून घ्यायचे असेल तर तेही त्याला करता येते, हे स्पष्ट सांगितले की पैसे देण्यास सहसा कुरकुर होत नाही. एवढ्यासाठीही पैसे मोजायला जो तयार नसतो, त्याच्या कामाचा अंदाज बांधण्यात मी तरी आता वेळ घालवत नाही.

तुकडे आणि तीन आकडे

उत्तरे हाती आल्यावर कामाचे तुकडे पाडावेत. एका तुकड्याला ८ तासांहून अधिक वेळ लागेल असे वाटत असेल तर तो अजून नीट समजलेला नाही असे मानावे आणि आणखी फोडावा. ‘बुकिंग’ हा तुकडा नव्हे. ‘तारीख धरून ठेवण्याची मुदत संपल्यावर ती मोकळी करणे व व्यवस्थापकाला कळवणे’ हा तुकडा आहे.

प्रत्येक तुकड्यासाठी तीन आकडे लिहावेत: सगळे सुरळीत झाले तर लागणारे तास, बहुधा लागतील असे तास आणि सगळे बिनसले तर लागणारे तास. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात पहिला व तिसरा मिळवावा आणि बेरजेला ६ ने भागावे. हे सूत्र अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या ‘पर्ट’ पद्धतीतले आहे. क्षेपणास्त्रासाठी काढलेले सूत्र लग्नाच्या हॉलला लावताना थोडे हसू येते खरे, पण बिनसण्याच्या शक्यतेला हिशेबात जागा देण्याचे काम ते इथेही करते. लहान तुकड्यांची बेरीज करून गटवार मांडले तर आपल्या उदाहरणात असे चित्र दिसते:

माहितीची पाने, छायाचित्रे, मोबाइलवरील मांडणी: ८, १२, २२; अंदाज १३ तास.
तारखांचे कॅलेंडर व उपलब्धता: १०, १६, ४०, अंदाज १९ तास.
बुकिंगचे नियम, तारीख धरून ठेवणे, रद्द करणे: १२, २०, ४६, अंदाज २३ तास.
ऑनलाइन ॲडव्हान्स: ६, १०, २६, अंदाज १२ तास.
व्यवस्थापकासाठी ॲडमिन पॅनेल: १०, १४, २४; अंदाज १५ तास.
मराठी पावती व संदेश: ३, ६, २१, अंदाज ८ तास.

एकूण ९० तास. केवळ मधले आकडे घेतले असते तर ७८ तास आले असते, आणि घाईत बसलेला प्रोग्रामर नेमके तेच देतो.

यातील दोन ओळींचा तिसरा आकडा अवाजवी वाटेल, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. ऑनलाइन पेमेंटचे चाचणी स्वरूप दोन-तीन तासांत चालू होते आणि तिथेच फसगत होते. खरे काम त्यानंतर आहे: ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले आणि वेबसाइटवर परत येण्याआधीच ब्राउझर बंद केला, पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचा) वेबहुक, म्हणजे पैसे जमा झाल्याचा आपोआप येणारा निरोप, उशिरा आला, किंवा एकच वेबहुक दोनदा आला, अशा प्रत्येक वेळी बुकिंग एकदाच आणि बरोबर नोंदले गेले पाहिजे. दोन कुटुंबे एकाच सभागृहासाठी एकाच मिनिटाला पैसे भरत असतील तर एकाला नकार आणि परतावा द्यावा लागतो. हे सर्व तपासायला कोड लिहिण्याइतकाच वेळ लागतो.

मराठी पावतीचे दुखणे वेगळे आहे. पीडीएफ तयार करणाऱ्या सगळ्याच लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) देवनागरीची अक्षरजुळणी येत नाही. डॉमपीडीएफसारख्या लायब्ररीत ‘विवाह’मधील पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘कार्यालय’मधला रफार सुटून पाय मोडलेला ‘र’ दिसू लागतो. एमपीडीएफमध्ये योग्य फॉन्ट आणि योग्य सेटिंग दिल्यास जोडाक्षरे नीट येतात, किंवा सर्व्हरवर क्रोम चालवून त्याच्याकडून पीडीएफ करून घेता येते. पण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक वेबसाइटना वाटून दिलेला असतो तिथे) क्रोम चालवण्याची सोय सहसा नसते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याचे २१ तास सहज जातात. दुसऱ्या वेळी तीन तासही पुरतात.

तिसरा आकडा लिहिताना मन कचरते, हे मात्र लक्षात ठेवावे. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, सगळे काही शक्य तितके बिघडले तर ४८.६ दिवस लागतील असे ते म्हणाले, आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. म्हणून हा आकडा कल्पनेने न लिहिता, पूर्वी तशा कामाला लागलेल्या सर्वाधिक तासांवरून लिहावा.

वरची मर्यादा काढण्यासाठी प्रत्येक गटातील तिसऱ्या व पहिल्या आकड्यांच्या फरकाला ६ ने भागावे, येणाऱ्या संख्यांच्या वर्गांची बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. आपल्या उदाहरणात ते सुमारे ९.४ तास येते. त्याची दुप्पट ९० मध्ये मिळवली की १०९ तास होतात. हे गणित एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे एका गटात झालेल्या उशिराचा दुसऱ्या गटाशी संबंध नसतो. फ्रीलान्स कामात ते खरे नाही, कारण सगळ्या गटांमागे क्लायंट एकच असतो आणि त्याने एका ठिकाणी नियम बदलला की चार ठिकाणी काम वाढते. त्यामुळे या वरच्या मर्यादेकडे किमान सावधगिरी म्हणूनच पाहावे.

कोडबाहेरचे तास

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये, मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या अनुभवावरून, वेळेची विभागणी अशी मांडली होती: एक तृतीयांश नियोजनाला, एक षष्ठांश कोड लिहिण्याला आणि उरलेला अर्धा तपासणीला. एकट्याने केलेल्या लहान वेबसाइटला हे प्रमाण जसेच्या तसे लागू करण्याची गरज नाही, पण कोड हा कामाचा मोठा हिस्सा असतो हा समज सोडून द्यावा.

वरील ९० तासांत त्या त्या तुकड्याची तपासणी धरलेली आहे. संपूर्ण वेबसाइट एकत्र चालवून पाहणे आणि त्यातून निघालेल्या दुरुस्त्या यांना २० तास, भेटी, फोन व निरोपांना १४, मजकूर व छायाचित्रे नीटनेटकी करून चढवायला ८, डोमेन, होस्टिंग व ईमेलच्या जुळणीला ५, व्यवस्थापकाला शिकवायला ४ आणि वेबसाइट सुरू झाल्यानंतरच्या ३० दिवसांतील दुरुस्त्यांना ९, असे ६० तास आणखी धरावे लागतात. एकूण १५० तास झाले.

मजकुराबद्दल एक सूचना. माहितीपत्रक ‘तयारच आहे’ असे क्लायंट म्हणतात तेव्हा ते कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते आधी पाहून घ्यावे. सीताबर्डीतल्या एखाद्या मुद्रकाने ते श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले असेल, तर तो मजकूर कॉपी केल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे हाती येतात. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या देवनागरीत, आणता येतो, पण रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे जागोजागी बिघडतात आणि प्रत्येक ओळ मूळ प्रतीशी ताडून वाचावी लागते. धरमपेठेतले ते १४ तास याच कामाचे होते. आता मी अंदाजाआधीच फाइल मागवून घेतो आणि एक पान रूपांतरित करून त्याला लागलेल्या मिनिटांना पानांच्या संख्येने गुणतो.

कोडबाहेरच्या तासांनाही ९० वरून १०९ इतकीच वाढ लावली, तर ६० चे जवळपास ७३ होतात आणि संपूर्ण अंदाज ढोबळमानाने १५० ते १८० तासांचा ठरतो.

सध्या एक प्रश्न हमखास येतो की एआय वापरून तास निम्मे होणार नाहीत का. काही कामांत वेळ नक्कीच वाचतो, पण किती वाचतो याबाबत स्वतःच्या जाणिवेवर विसंबू नये. २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर केलेल्या प्रयोगात, एआय वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. काम झाल्यानंतरही आपला वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला असेच त्यांना वाटत होते. ते स्वतःला परिचित असलेल्या मोठ्या प्रकल्पांवर काम करत होते, तेव्हा तोच निष्कर्ष नव्या लहान वेबसाइटला लागू होईल असे नाही. मात्र घड्याळ न लावता ‘वेळ वाचला’ म्हणणे धोक्याचे आहे, एवढे त्यातून घ्यावे.

तास आणि तारीख

१५० तास म्हणजे १९ दिवस, असा हिशेब करणारे थोडे नाहीत. दिवसभर संगणकासमोर बसूनही बिल लावता येईल असे काम माझ्या नोंदीनुसार दिवसाला पाच तास होते, म्हणजे आठवड्याला २५. हे एकच काम हाती असेल तर १५० ते १८० तासांना सहा ते साडेसात आठवडे लागतील. सोबत दुसरे काम चालू असेल आणि याला आठवड्याचे १५ तासच देता येत असतील, तर १० ते १२ आठवडे लागतील.

यात आपल्या हातात नसलेले दिवस वेगळे आहेत. पेमेंट गेटवेचे खाते क्लायंटच्या नावाने उघडायचे असते आणि त्याची केवायसी पूर्ण झाल्याशिवाय खरे पैसे स्वीकारता येत नाहीत; त्यासाठी परताव्याच्या अटींचे पान वेबसाइटवर असावे लागते. एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार व्यवसायाची, प्रेषकाच्या नावाची आणि संदेशाच्या मसुद्याची दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी प्रणालीवर नोंदणी करावी लागते. या कामांना प्रोग्रामरचा एखादा तास लागतो आणि कॅलेंडरवरचे अनेक दिवस जातात, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात क्लायंटच्या हाती सोपवावीत.

तारीख ठरवताना क्लायंटच्या धंद्याचा हंगाम पाहावा. मंगल कार्यालयासाठी वेबसाइट तुळशीच्या लग्नाआधी सुरू झाली तरच त्या हंगामात उपयोगाची. १२ आठवडे मागे मोजत गेलो की आपण श्रावणात पोहोचतो, आणि तिथून पुढे पोळा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा व मारबतींची मिरवणूक, मग गणपती, नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमीवरची गर्दी आणि दिवाळी असे दिवस ओळीने येतात. त्या काळात मालकांकडून उत्तरे मिळायला उशीर होणार हे गृहीत धरून काम आषाढातच सुरू करावे. ऐन लग्नसराईत तर त्यांचा फोनसुद्धा लागत नाही.

क्लायंटला काय लिहून द्यावे

अंदाज नेहमी लेखी आणि दोन आकड्यांत द्यावा, आणि त्याखाली तो कशावर आधारलेला आहे ते लिहावे: सभागृहे दोन, भाषा मराठी व इंग्रजी, मजकूर युनिकोडमध्ये क्लायंट देणार, मांडणीत दोन वेळा बदल, छायाचित्रण व केटररचे बुकिंग यात नाही, अंदाज ३० दिवसांपर्यंत ग्राह्य. गृहीतके लिहिलेली असली की पुढचा वाद टळतो. काम अर्ध्यावर असताना “भाऊ, एक बटनच तं लावाचं आहे” असा निरोप येतोच; ते बटण केटररच्या बुकिंगचे असेल तर त्यामागे नवा तक्ता, नवे नियम आणि नवी पावती असते, आणि त्याचे तास वेगळे मोजून, लेखी होकार मिळाल्यावरच ते हाती घ्यावे.

बऱ्याच जणांना एकच ठरलेली रक्कम हवी असते. तशी ती द्यायची असेल तर दोनपैकी मोठ्या आकड्यावरून द्यावी, कारण तास वाढण्याची जोखीम आता आपण घेत आहोत. तासाचा दरही बिलयोग्य तासांवरूनच काढावा: आठवड्याला २५ तास आणि वर्षातले ४६ कामाचे आठवडे धरले तर वर्षाचे ११५० तास होतात, आणि घर, वीज, इंटरनेट, विमा व कर धरून वर्षाला ९,२०,००० रुपये हवे असतील तर दर ८०० रुपये येतो.

क्लायंट रक्कम कमी करा म्हणाले तर तास कमी करू नयेत. काम कमी करावे. पहिल्या टप्प्यात मोकळ्या तारखा दाखवायच्या, चौकशी नोंदवून घ्यायची आणि ॲडव्हान्स कार्यालयातच स्वीकारायचा, असे ठरले तर ऑनलाइन पेमेंटचे सगळे आणि बुकिंगच्या नियमांतले बरेच तास गळून पडतात. पुष्कळ मालकांना प्रत्यक्षात तेवढेच हवे असते. तेच तास केवळ ‘ॲडजस्ट’ केले, तर धरमपेठेसारखेच ते आपल्या खात्यावर पडतात.

वही

नोंद ठेवण्यासाठी साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते. काम थांबवताच, पंधरा मिनिटांच्या हिशेबाने, कोणत्या तुकड्यावर किती वेळ गेला ते लिहावे. रात्री आठवून लिहिलेली नोंद जवळजवळ नेहमी चुकते. भेटीसाठी इतवारीपर्यंत जाऊन येण्याचा वेळ आणि दहा मिनिटांचा फोनही लिहावा. अंदाजातले एक तृतीयांश तास संपले की झालेल्या कामाकडे पाहावे, आणि ते एक तृतीयांशाहून बरेच कमी भरत असेल तर त्याच आठवड्यात क्लायंटला कळवावे. त्या वेळी काम कमी करण्याचा किंवा तारीख पुढे नेण्याचा पर्याय तरी असतो.

पाच-सहा कामे झाली की प्रत्येक कामाचे प्रत्यक्ष तास भागिले अंदाजाचे तास असे गुणोत्तर काढावे आणि त्यांतला मधला आकडा पुढच्या अंदाजाला लावावा. धरमपेठेचे गुणोत्तर २.३ होते, गेल्या काही कामांचे १.२ च्या आसपास आहे. ते १ व्हावे असा हट्ट मी धरत नाही, पुढचा अंदाज १.२ ने गुणतो. ३० दिवसांची दुरुस्तीची मुदत संपल्यावर, त्याआधी नव्हे, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडावेत आणि जिथे मोठा फरक पडला तिथे कारण एका ओळीत लिहावे. ‘मराठी पावती: अंदाज ८, लागले १९, नव्या होस्टिंगवर क्रोम चालत नव्हता’ एवढी नोंद पुरते, पुढच्या कामात पावतीसमोर तिसरा आकडा लिहिताना ती उघडून पाहावी.